ग्राफिक्स कार्डची गरम हवा कॅबिनेटमध्येच कोंडतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा. सध्या दुपारी खोलीच ३८ अंशांवर असते, एसी नाही. गेम सुरू करून २० मिनिटं झाली की ग्राफिक्स कार्ड ८४ वर आणि त्याचा हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) १०२ वर जातो. मग क्लॉक (कार्डाचा वेग) खाली येतो, चित्र अडखळायला लागतं. कार्ड ४५० वॅट खेचतं, म्हणजे टेबलाखाली छोटा हीटर लावल्यासारखंच.

पुढे १४० मिमीचे ३ पंखे हवा आत घेतात, मागचा १ बाहेर टाकतो, वर वॉटर कूलरचा ३६० मिमीचा रेडिएटर. पण कॅबिनेटची पुढची बाजू काचेची. हवा येते ती कडेच्या बोटभर फटींतून. फिल्टर परवाच धुतला, त्यावर धुळीची राखाडी गादीच बसली होती. तरी फरक नाही. काल बाजूची काच काढून तोच गेम चालवला, तर कार्ड ७५ वर! म्हणजे दोष कार्डात नाही, हवेच्या वाटेत आहे, असं मला वाटतं.

जाळीवालं कॅबिनेट घ्यावंच लागेल का, की खाली २ पंखे कार्डाकडे तोंड करून लावले तर भागेल? रेडिएटर वरच ठेवू ना? आणि आपल्यासारख्या उन्हाच्या गावात कुणी अंडरव्होल्ट (कार्डाला कमी व्होल्टेजवर चालवणं) केलंय का, किती अंश उतरले? काच उघडी ठेवता येत नाही, घरात २ वर्षांची मुलगी आहे.