ओल्या रानात हुरड्याची आगटी कशी पेटवायची? (बजेट २०० रु.)

बांधावरचा: रविवारी पुण्याचे बारा पाहुणे हुरड्याला येताहेत. शेत मंगळवेढा रोडला. दोन दिवस अवकाळीनं झोडपलंय, गवऱ्या उघड्यावर भिजल्या, आगटीच्या खड्ड्यात पाणी. काय करू? २०० रुपयांत बसवा. रॉकेल नको, कणसाला वास लागतो.

तात्या_होटगी: गॅसची टॉर्च घ्या. मी १,८०० ला आणली. ओली बाभळसुद्धा पेटते! सासुरवाडीत सगळे बघतच राहिले.

बांधावरचा: तात्या, २०० म्हणलं की ओ.

बाळीवेस_बॉय: पेट्रोलच्या नादाला लागू नका बे. आमच्या दाजींनी ओतलं, काडी लांब होती तरी वाफेनं भडका घेतला. भुवया गेल्या, मिशी अर्धी. तसेच गड्ड्याच्या जत्रेत फिरले, फोटो अजून ग्रुपवर हाय.

चिपाड: कापूर. पाण्यावर तरंगत पण जळतो.

तात्या_होटगी: कापरानं ओली गवरी पेटत नसते. टॉर्चच.

गुळभेंडी: आधी हुरडा कुठला ते सांगा. मालदांडी ज्वारीचा असेल तर भाकरीच करा त्याची.

रानमाणूस: मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय मानांकन हाय, जरा जपून बोला.

गुळभेंडी: ते ज्वारीला. हुरड्याला नव्हं.

जुनी_वस्ती: भांडा निवांत. बांधावरचे भाऊ, त्या खड्ड्याचा नाद सोडा, उंचवट्यावर नवा खणा. बाभळीचं वाळकं लाकूड वरून भिजलं तरी आत कोरडं असतं. कुऱ्हाडीनं फोडून आतल्या बारीक ढलप्या काढा. ढलप्यांवर तुराट्या, त्या धडधडल्या की गवऱ्या, तोवर गवऱ्या बाजूला उभ्या करून शेकू द्या. आतलं पाणी उडेस्तोवर नुसता धूरच येणार, उगं फुंकत बसू नका. आणि चुलीला मांडायला ओढ्यातले ओले दगड नकोत, तापले की फुटतात. माझ्या नणंदेच्या साडीला भोक पडलंय.

सोलापुरी_चटणी: कापूर बेस्ट!! कुणी सांगितलं कसं नाही?

चिपाड: 😐

बांधावरचा: सगळ्यांचे आभार. शेजारच्या वस्तीवरच्या काकूंच्या चुलीतला विस्तव घमेल्यात मागून आणतो. त्यांच्याच गोठ्यात कोरड्या गवऱ्या पण हायेत. २०० रुपयांची शेंगाचटणी आणतो.

तात्या_होटगी: वाटेत विझला तर टॉर्च न्यायला या. पेट्रोल तुमचं.

बाळीवेस_बॉय: पेट्रोल?!

तात्या_होटगी: गाडीचं ओ.