चर्चा: रॉक बँडच्या मैफलींची अनधिकृत ध्वनिमुद्रणे जमवणे योग्य आहे का?

मडगावकर (चर्चाप्रस्ताव)

यंदाच्या पावसाळ्यात माझ्या दोन ट्रंकांतील कॅसेटींना बुरशी लागली. त्या साफ करत असताना एका स्नेह्याशी झालेला वाद येथे मांडत आहे. या १४० कॅसेटी मुख्यतः ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या मैफलींच्या असून त्या कोणत्याही कंपनीने काढलेल्या नाहीत. श्रोत्यांनी मायक्रोफोन उभारून मैफली मुद्रित केल्या, नकलांच्या नकला निघाल्या, त्यांतल्या काही आमच्या शेजारच्या तारवटी काकांच्या हाती आल्या आणि १९८०च्या दशकात जहाजावरून सुटीवर येताना त्यांनी त्या मला आणून दिल्या. स्नेह्याच्या मते ही चोरी आहे. मला हे जतन वाटते, आणि ते केल्याबद्दल अपराधी वाटण्याचे कारण दिसत नाही.

या बँडने १९६५ ते १९९५ या ३० वर्षांत सुमारे २,३०० कार्यक्रम केले. उत्स्फूर्त विस्तार हाच त्यांच्या वादनाचा प्राण असल्यामुळे तेच गाणे एका रात्री सात मिनिटांत संपे आणि दुसऱ्या रात्री पंचवीस मिनिटे चाले. जुन्या तीन मिनिटांच्या तबकडीवरून जसा गवई कळत नाही, तसा स्टुडिओतील तबकड्यांवरून हा बँड कळत नाही. स्वतः बँडलाही हे मान्य होते. ऑक्टोबर १९८४पासून त्यांनी मुद्रण करणाऱ्यांसाठी वेगळी तिकिटे काढली आणि ध्वनिनियंत्रकाच्या मागे त्यांना जागा राखून ठेवली. मुद्रणाचा धंदा करायचा नाही, एवढीच अपेक्षा होती. आम्हीही देवाणघेवाणीत कोरी कॅसेट आणि टपालखर्च यांपलीकडे काही घेतले नाही.

फोंड्याची श्रोती

मडगावकर, ज्या बँडने परवानगी दिली त्याचेच उदाहरण घेऊन आपण वाद स्वतःसाठी सोपा करून घेतला आहे. आपण ‘मुख्यतः’ असा शब्द वापरला आहे, तेव्हा उरलेल्या कॅसेटी कोणाच्या, हे कृपया सांगावे. लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचे व्यवस्थापक पीटर ग्रँट यांचा चोरट्या मुद्रणाला इतका विरोध होता की, १९७१ साली व्हँकूव्हरमध्ये आवाजाची पातळी मोजायला आलेल्या माणसाचे यंत्र मुद्रणाचे समजून मोडण्यात आले. त्यांची रीत मला मान्य नाही, परंतु नकार मात्र स्पष्ट होता.

माझ्या तालुक्यातले उदाहरण देते. केसरबाई केरकर मूळच्या केरीच्या. ध्वनिमुद्रणाविषयी त्या नाखूश असत आणि त्यामुळे त्यांचे गाणे फार थोडे उरले आहे. त्यांच्या भैरवीची तबकडी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण ती तबकडी त्यांनी स्वतः मुद्रण करू दिली म्हणून निघाली होती. मैफलीत समोर बसलेल्यांसाठी गायलेले गाणे त्या रात्रीबरोबर संपावे, असे कलावंताला वाटत असेल, तर आपल्या जतनाच्या तळमळीने त्याला तो हक्क नाकारता येतो का?

म्हापशाचा साउंडवाला

मी २६ वर्षे कार्यक्रमांना साउंड देतो आहे, त्यामुळे मला हा प्रश्न टेबलाच्या दुसऱ्या बाजूने दिसतो. ऑडियन्स टेप आणि साउंडबोर्ड टेप यांत फरक केल्याशिवाय ही चर्चा पुढे जाणार नाही. पहिलीत श्रोत्याने आपल्या खुर्चीवरून जे ऐकले तेच असते, टाळ्या आणि शेजाऱ्याच्या खोकल्यासकट. दुसरी मात्र आमच्या, म्हणजे सर्व माइकांचे आवाज जिथे एकत्र येतात त्या साउंडबोर्डच्या यंत्रातून निघते आणि ती बाहेर जाते तेव्हा आमच्यापैकीच कोणीतरी विश्वास मोडलेला असण्याची शक्यता असते.

ग्रेटफुल डेडची सर्वांत गाजलेली टेप दुसऱ्या प्रकारची आहे. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधील मैफल बँडच्याच ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांनी मुद्रित केली. पुढे हलाखीत भाड्याच्या गोदामाचे पैसे थकले, त्यांच्या टेपांचा लिलाव झाला आणि त्या संग्राहकांच्या हाती गेल्या. त्याच मैफलीची २०११ सालच्या नॅशनल रेकॉर्डिंग रजिस्ट्रीसाठी, म्हणजे जपण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या अमेरिकी राष्ट्रीय यादीसाठी, लायब्ररी ऑफ काँग्रेसने निवड केली. बँडतर्फे ती अधिकृतपणे २०१७ साली निघाली, म्हणजे तब्बल ४० वर्षांनी. संग्राहकांनी त्या टेपा उचलल्या नसत्या तर हे घडले असते असे मला वाटत नाही. तरीही जिने रात्र-रात्र जागून त्या मुद्रित केल्या तिच्या अडचणीतून हा ठेवा लोकांना मिळाला, ही गोष्ट मला दर वेळी टोचते.

हणजुणेच्या पार्ट्यांत डीजे मंडळी उन्हात तबकड्या वाकतात म्हणून डॅट (डिजिटल मुद्रणाच्या छोट्या) टेपा वापरत आणि बाजारात न आलेली गाणी एकमेकांना उतरवून देत. तिथे देणारा बहुधा स्वतःच निर्माता किंवा त्याचा मित्र असे. देणारा कोण, हे कळले की माझा तरी निम्मा प्रश्न सुटतो.

पणजीची वकील

कायद्याविषयी थोडे. आपल्याकडे १९९४च्या दुरुस्तीने प्रतिलिप्यधिकार (कॉपीराइट) कायद्यात कलावंताच्या प्रयोगावरील हक्काची तरतूद कलम ३८मध्ये आली आणि आज त्याची मुदत ५० वर्षे आहे. कलम ३९ खासगी वापरासाठी केलेल्या मुद्रणाला सूट देते. मात्र ती मुद्रण करणाऱ्याच्या स्वतःच्या वापरापुरती आहे, हे संग्राहक वाचताना गाळतात. सभागृहात मायक्रोफोन धरणारा त्या सुटीत बसू शकेल. त्याच्याकडून पाचवी नक्कल मिळवणारा बसतो, असे मी म्हणणार नाही. पैसे घेतले नाहीत ही सद्भावना खरी, पण ती परवानगीच्या जागी उभी करता येणार नाही.

मडगावकर

फोंड्याच्या ताईंना सरळ उत्तर देतो. १७ कॅसेटी लेड झेपलिनच्या आहेत. त्यांपैकी एक ४ सप्टेंबर १९७०च्या लॉस एंजलिसच्या मैफलीची असून ती मुळात चोरून विकल्या गेलेल्या तबकडीवरूनच उतरवलेली आहे. तिच्यावर कोणीतरी नफा कमावला होता, त्यामुळे ‘आम्ही विकत नाही’ हे माझे म्हणणे तिला लागू पडत नाही, हे मान्य करतो. वकीलबाईंचा मुद्दाही मला खोडता येत नाही.

केसरबाईंच्या उदाहरणावर मात्र मी थांबलो आहे. गवयाची बैठक निवडक श्रोत्यांसमोर होते. हजारोंच्या क्रीडागृहात ध्वनिवर्धक लावून झालेला कार्यक्रम मला तितका खासगी वाटत नाही. शिवाय ग्रेटफुल डेडच्या बाबतीत संग्राहकांनी कलावंताचे ऐकलेही आहे. नोव्हेंबर २००५मध्ये इंटरनेट आर्काइव्ह या संग्रह-संकेतस्थळावरील त्यांची मुद्रणे उतरवून घेणे (डाउनलोड) बंद झाले, चाहत्यांनी निषेध केला आणि काही दिवसांतच श्रोत्यांनी केलेली मुद्रणे पुन्हा खुली झाली. साउंडबोर्ड टेपा नुसत्या ऐकण्यापुरत्याच राहिल्या. साउंडवाले सांगतात तीच ही रेषा आहे आणि मी ती पाळीन.

फोंड्याची श्रोती

सभागृह मोठे असले म्हणून नकार लहान होत नाही, त्यामुळे माझे मत कायम आहे. केसरबाईंच्या एखाद्या मैफलीची चोरटी टेप उद्या समोर आली तर ती ऐकण्याचा मोह मला होईल, हे लपवत नाही. १७ कॅसेटींचे आपण काय करणार, ते अजून लिहिलेले नाही.

मडगावकर

फेकणार नाही आणि नक्कलही कोणाला देणार नाही. त्या वेगळ्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवल्या आहेत. बाकीच्या १२३ पैकी ज्यांवर मुद्रण करणाऱ्याचा उल्लेख आणि तारीख आहे, त्या आधी साफ करून, टेप वाचणाऱ्या हेडचा कोन जुळवून, संगणकावर फ्लॅक या आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात उतरवतो. साउंडवाले, आपला चांगला कॅसेट डेक आठवडाभर मिळेल का?

म्हापशाचा साउंडवाला

मिळेल. मात्र बुरशी लागलेली एकही कॅसेट आधी साफ केल्याशिवाय त्यात घालू नका. ती हेडला आणि रोलरला चिकटते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.