५ एटीएमचं वॉच, तरी आत पाणी गेलं

पोहणारी_ठाणेकर: माझ्या स्मार्टवॉचवर ५ एटीएम (म्हणजे पाण्याचा दाब झेलायचं रेटिंग) लिहिलंय, रोज टँकवर घालून जाते, घरी आल्यावर गरम शॉवरही तसाच, आता काचेच्या आत वाफ दिसतेय आणि सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात वॉरंटीत बसत नाही. असं कसं?

जुना_घड्याळवाला: ताई, ५ एटीएम म्हणजे ५० मीटर खोल जाता येतं असं नाही हो, तेवढा स्थिर दाब टेस्टमध्ये झेलला एवढंच. खरा घात गरम पाण्याने आणि साबणाने होतो, सील ढिलं पडतं.

मालवणकर: वॉरंटी सहसा कंपनीच्या दोषापुरतीच. पाण्यासाठी वेगळा डॅमेज प्लॅन लागतो, त्यातही लिक्विड डॅमेज लिहिलंय का ते वाचून घ्या. आणि आत्ता बंद करून ठेवा, चार्जिंगला अजिबात लावू नका!