बांध त्याच्या हद्दीत, पाणी आमच्या दारात

ओढ्याकाठचा :
आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला एका बागायतदाराने ओढा अडवून सहा-सात मीटर उंचीचा मातीचा बांध घातलाय. जमीन त्याची, पैसा त्याचा, पाणी त्याच्या डाळिंबाला. परवा वर गेलो तर सांडव्याच्या, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेच्या, तोंडाशी मातीची पोती रचलेली, चांगली दीड-दोन फूट. म्हणाला, "तेवढंच पाणी जास्त थोपतं." खाली अकरा घरं आहेत.

धरण सुरक्षा कायदा, २०२१ चाळला. १५ मीटरच्या वरची धरणं त्यात येतात. १० ते १५ मीटरची धरणं येतात ती लांबी, साठा अशा काही अटी बसल्या तरच. त्याच्या आतली येतच नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: उंची कितीही असो, खाली वस्ती असेल तर खासगी बांधाची दर पावसाळ्याआधी सक्तीने तपासणी व्हावी.

डाळिंबवाला :
सपशेल असहमत. तपासणी म्हणजे काय, साहेब येणार, चहा पिणार, सही ठोकणार. कोकणातलं तिवरे धरण सरकारीच होतं ना? गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, वीसच्या वर माणसं गेली आणि मंत्र्यांनी बिल फाडलं धरण पोखरणाऱ्या खेकड्यांवर! स्वतःचं सांभाळता येत नाही ते माझं काय तपासणार? टँकरच्या पाण्यावर बाग जगवलीय मी, थेंबाची किंमत मला शिकवू नका. माझा बांध बारा वर्षं उभा आहे.

निवृत्त शाखा अभियंता :
बारा वर्षं उभा आहे, हा पुरावा नव्हे. हवाईत काउआई बेटावर का लोको नावाचं मातीचं धरण होतं, १८९० च्या सुमारास उसाच्या मळ्यांसाठी बांधलेलं. शंभरावर वर्षं उभं राहिलं. पुढे खासगी मालकीत असताना सांडवा मातीने बुजवला गेला, असं चौकशीत निघालं. १४ मार्च २००६ च्या पहाटे, बरेच दिवस पाऊस झोडपत असताना फुटलं. ७ जण गेले. राज्याने त्याची कधी तपासणीच केली नव्हती. मालक शेवटी तुरुंगात गेला.

काँक्रीटच्या धरणावरून पाणी गेलं तर ते बहुधा तग धरतं. मातीच्या माथ्यावरून गेलं की खालच्या, कोरड्या बाजूच्या उतारावर ओघळ पडतो, ओघळाची घळ होते, ती मागे सरकत माथा गाठते. मग काही उरत नाही. म्हणून पोती दिसली की मला धडकी भरते. दुसरं मरण आतून येतं. पाझर प्रत्येक मातीच्या बांधाला असतोच, पण पायथ्याचं पाणी काचेच्या ग्लासात धरून बघा. नितळ असेल तर नुसती नजर ठेवा. गढूळ असेल तर बांधच वाहून चाललाय.

डाळिंबवाला :
ग्लासाचं पटलं, उद्याच बघतो. पण साहेब, शेततळ्याला अनुदान देता, मग सांडव्याच्या दगडी पिचिंगला, म्हणजे दगडांच्या अस्तराला, का नाही? नुसती नोटीस धाडून बांध सुधारत नाही. तपासणीची फी पण आम्हीच भरायची का?

माहेरवाशीण :
फीचं बघा नंतर. केनियात सोलाईला खासगी मळ्यावरचा मातीचा बांध ९ मे २०१८ ला रात्री फुटला, चाळीसवर माणसं गेली. तिवरेही रात्रीच. रात्री बांधावर बॅटरी घेऊन जाणारा माणूस कोण, त्याच्याकडे त्या अकरा घरांचे नंबर आहेत का, एवढं आधी सांगा.

ओढ्याकाठचा :
बांधावर रात्री कुणीच नसतं. सकाळी ग्लास घेऊन गेलो होतो, पाणी नितळ आहे. पोती मात्र जागेवरच. मालक म्हणतो, हस्त संपला की काढतो. म्हणजे हत्ती कोसळून गेल्यावर.