आपत्तीच्या अंदाजातील अनिश्चितता लोकांना सांगावी, की फक्त सूचना द्यावी?

धागाकर्ता
पूर किंवा वादळाच्या अंदाजात किती फरक पडू शकतो, हे तज्ज्ञ आपसात मोकळेपणाने बोलतात. लोकांपर्यंत येईतो मात्र त्या अंदाजाचा एकच आकडा उरतो. अमेरिकेतील ग्रँड फोर्क्स येथे एप्रिल १९९७ मध्ये रेड नदी ४९ फुटांपर्यंत चढेल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती ५४ फुटांच्या वर गेली आणि शहर पाण्याखाली गेले. पूर्वीचे अंदाज कितपत चुकले होते याच्या नोंदी होत्या, पण त्या ४९ च्या सोबत ठळकपणे मांडल्या गेल्या नाहीत आणि अनेकांनी तीच कमाल पातळी मानली. लोक गोंधळतील या भीतीने अंदाजाचा पल्ला, म्हणजे तो कुठून कुठपर्यंत बदलू शकतो हे, गाळणे मला मान्य नाही.

दीपस्तंभ
बांध किती उंच करायचा हे ठरवणाऱ्या अभियंत्याला पल्ला हवाच, तेथे दुमत नाही. परंतु आज रात्री घर सोडायचे की नाही, एवढेच ज्याला ठरवायचे आहे त्याच्या हाती शक्यतांचे गणित देऊन काय साधणार? अमेरिकेत चक्रीवादळाच्या नकाशावर जो शंकू काढतात, तो वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो आणि केंद्र साधारण दोन-तृतीयांश वेळा त्याच्या आत राहते. तरीही पुष्कळ जण त्यालाच वादळाचा विस्तार समजतात आणि घर शंकूबाहेर आहे म्हणून निर्धास्त होतात. अनिश्चितता दाखवूनही गैरसमज झालाच ना?

धागाकर्ता
तो आराखड्याचा दोष आहे. शिवाय २००४ चे चार्ली वादळ आठवा. ते जेथे धडकले ते फ्लोरिडातील पुंटा गोर्डा शहर शंकूच्या आतच होते, पण लोकांची नजर टँपा शहराकडे जाणाऱ्या मधल्या रेषेवर खिळली होती. तेथेही घात केला तो एकेरी रेषेनेच.

भूगर्भ
दोघांच्याही बोलण्यातून एक मुद्दा निसटतो आहे: बोलणार कोण? इटलीत लाक्विला येथे लहान धक्क्यांची मालिका सुरू असताना ३१ मार्च २००९ रोजी तज्ज्ञांची बैठक झाली. मोठ्या भूकंपाची शक्यता कमी आहे, पण ती नाकारता येत नाही, ही शास्त्रीय भूमिका होती. लोकांच्या कानावर मात्र एका अधिकाऱ्याचे दिलासा देणारे शब्द पडले, की धक्क्यांतून ऊर्जा मोकळी होत असल्याने परिस्थिती अनुकूल आहे. शास्त्राला या म्हणण्याचा आधार नव्हता. ६ एप्रिलच्या भूकंपात ३०० हून अधिक लोक दगावले. २०१२ मध्ये सात जणांना शिक्षा झाली. २०१४ मध्ये अपिलात सहा शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली पण टिकली. (या खटल्याला 'भूकंपाचे भाकीत न केल्याची शिक्षा' म्हणणे फारच ढोबळ आहे.)

दीपस्तंभ
मग मतभेदही जाहीर करायचे का? १९७६ मध्ये ग्वादलूप बेटावरील ला सूफ्रिएर ज्वालामुखीवरून शास्त्रज्ञ उघडपणे भांडले, ७० हजारांहून अधिक लोकांना महिनोन्महिने घराबाहेर ठेवले गेले आणि मोठा उद्रेक झालाच नाही. त्या भांडणातून रहिवाशाला कोणता निर्णय घेता आला असता?

भूगर्भ
म्हणूनच पिनातुबो ज्वालामुखीच्या वेळची पद्धत मला पटते. फिलिपाइन्समध्ये १९९१ साली इशाऱ्याच्या पाच पातळ्या ठरवल्या होत्या. तिसरी म्हणजे दोन आठवड्यांत उद्रेक शक्य, चौथी म्हणजे २४ तासांत शक्य. 'शक्य' हा शब्द ठेवूनही मुदत स्पष्ट होती आणि स्थलांतराचे वर्तुळ टप्प्याटप्प्याने वाढवत नेले गेले. १५ जूनच्या महाउद्रेकाआधी हजारो लोक सुरक्षित जागी पोहोचले होते.

दीपस्तंभ
पातळ्यांना माझी हरकत नाही, कारण पातळी वाढली की काय करायचे हे प्रशासनाला आधीच ठाऊक असते. पण दोन आठवडे उलटूनही काही झाले नाही, तर पातळी खाली आणण्याची जबाबदारी कोणी घ्यायची?

धागाकर्ता
ज्यांनी ती वाढवली त्यांनीच, आणि कारणांसह. इशारा फोल ठरला तरी तो कशाच्या आधारे दिला होता हे आधी सांगितलेले असेल, तर पुढच्या वेळी लोक ऐकतील असे मला वाटते. आपल्याला तसे वाटत नाही, हे मी समजू शकतो.