नुकतं वाचायला लागलेल्या मुलांना मैत्रीच्या साध्या, मऊ गोष्टी द्याव्यात का?

पाटीपेन्सिल:
लेक साडेसहा वर्षांची, पहिलीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी वाचन घरीच, रोज रात्री जेवणं झाली की वीस मिनिटं. काना, मात्रा, वेलांटी जमतं, जोडाक्षर आलं की गाडी अडते. मागच्या आठवड्यात तिला चिऊकाऊची गोष्ट वाचायला दिली. गोष्ट तिला तोंडपाठ आहे, माझ्या आईकडून शंभरदा ऐकलीय, कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं, पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं आणि कावळा भिजत दारात उभा, आत चिऊताईचं बाळाला न्हाऊमाखू घालणं चाललंय. आमच्या घरी जी सांगतात त्यात शेवटी ती त्याला तापलेल्या तव्यावर ऊब घे म्हणते आणि त्याला चटका बसतो. ऐकताना या जागेला लेक टाळ्या वाजवून हसायची. पण परवा स्वतः वाचत होती, बोट त्या ओळीखाली, "ता.. प.. ले.. ल्या.. त.. तव्.. तव्या.." तीनदा मागे गेली, एकदाचा शब्द लागला आणि एकदम गप्प. मग म्हणाली, "आई, तो भिजला होता ना गं, मग त्याला का भाजलं?" पुस्तक मिटलं आणि दोन दिवस मराठी वाचायला बसलीच नाही.

मला तेव्हापासून वाटतंय की ऐकणं आणि वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजीच्या मांडीवर तो चटका दोन सेकंदात निघून जातो, आजीचा आवाज सोबतीला असतो, पुढच्या वाक्यात ती हसवते पण. वाचताना मूल एकटं असतं आणि फार सावकाश असतं. त्या तव्यावर माझी लेक अर्धा मिनिट बसून होती. म्हणून या वयात, म्हणजे फक्त या वर्षा-दोन वर्षांत, हातात पडणाऱ्या गोष्टी मऊ असाव्यात असं माझं ठाम मत झालंय. दोघं सोबती आहेत, एकाचं काहीतरी हरवलंय, दुसरा शोधायला आलाय, किंवा कट्टी झालीय आणि आधी कोण बोलणार हे कळत नाहीये, बस एवढंच. तुम्हाला काय वाटतं?

घाटावरचा:
पटलं नाही ताई, आणि स्पष्टच बोलतो. आम्ही सगळे याच गोष्टींवर वाढलो आणि वाचायला लागलो ते पुढे काय होतंय ही धाकधूक होती म्हणून. ज्या गोष्टीत काही होतच नाही ती मूल दुसऱ्यांदा कशाला उघडेल? मैत्रीचंच म्हणता तर पंचतंत्रात मित्रसंप्राप्ती नावाचं अख्खं दुसरं तंत्र मैत्रीवर आहे. कावळा, उंदीर, कासव, हरीण, चौघांची दोस्ती. पण ती दोस्ती कळते कधी, पारध्याच्या जाळ्यात हरीण अडकतं आणि हिरण्यक उंदीर दातांनी ते जाळं कुरतडतो तेव्हा. जाळं काढून टाका आणि राहिलं काय, चार प्राणी तळ्याकाठी गप्पा मारतायत. संकटच नाही तर हा मित्र आहे हे मुलाला कळणार कशावरून?

आणि अजून एक, तुमच्या लेकीने पुस्तक मिटलं म्हणजे गोष्ट वाईट असं कसं? तिने इतका थेट प्रश्न विचारला, मला तर वाटतं त्या दिवशी ती पहिल्यांदा खरं वाचली.

पाटीपेन्सिल:
शेवटचं वाक्य वाचून थांबले जरा. तिने प्रश्न विचारला हे चांगलंच झालं, ते मान्य. पण नंतरचे दोन दिवस मी तिला बसवू शकले नाही हेही खरंय ना, आणि या टप्प्यावर दोन दिवस म्हणजे पुष्कळ. पंचतंत्राबद्दल म्हणाल तर विष्णुशर्म्याने ते राजाच्या तीन मुलांना सहा महिन्यांत राजनीतीत तयार करायला सांगितलं अशी त्याची कथा आहे, ते राजपुत्र काही बोट ठेवून अक्षरं लावत नव्हते. आणि ते ऐकत होते! माझा मुद्दा तोच आहे. जाळ्याची गोष्ट मी तिला रोज सांगीन, वाचून दाखवीन, आवाज काढून दाखवीन. तिने एकटीने वाचायचं पुस्तक वेगळं ठेवीन.

जेसीबीचा_बाबा:
मैत्रीच्या गोष्टी, मऊ असोत की कडक, सगळ्याच मुलांना लागतात असं गृहीत का धरायचं? आमचे चिरंजीव सहा वर्षांचे, गोष्टीचं पुस्तक पुढे केलं की पळतात. पण जेसीबी, बुलडोझर, रोडरोलरची चित्रं आणि खाली एक-एक ओळ असलेलं पुस्तक स्वतः घेऊन येतो. "बुलडोझर" हा शब्द त्याने "मित्र" च्या आधी वाचला. जे आवडतं ते वाचू द्या.

वाडीवरचे_गुरुजी:
जेसीबीवाले बाबा, तुमच्या मुलाने बुलडोझर आधी वाचला यात नवल काहीच नाही, त्या शब्दात एकही जोडाक्षर नाही! आणि इथेच मला सगळ्यांशी बोलायचंय, दोन्ही बाजूंशी. मी पालघर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, पहिली-दुसरी माझ्याकडे, मुलांच्या घरी वारली बोलली जाते. तुम्ही गोष्टीत काय घडावं यावर भांडताय, माझी मुलं त्याच्या आधीच अडतात, शब्दावर. मैत्रीची गोष्ट म्हणा आणि बघा, मित्र, मैत्री, मैत्रीण, दोस्त, सगळीकडे जोडाक्षर. गट्टी, कट्टी, बट्टी, तिथेही तेच. छत्रीत दोघं भिजायला निघाले तर छत्रीतही. ज्या मुलाला फक्त काना-मात्रा येतात त्याच्यासाठी मैत्रीवर लिहायचं तर मैत्री हा शब्दच न वापरता लिहावं लागतं. सोबती, गडी, सखा एवढेच उरतात आणि सखा तर आता कोणी बोलतही नाही.

उलट ज्या चिऊकाऊवरून ताईंचा धागा निघाला त्यातली ओळ बघा, "चिऊताई चिऊताई दार उघड". एकही जोडाक्षर नाही, आणि चार-पाच वेळा तीच ओळ परत येते. माझ्याकडे एक मुलगा होता, अक्षरं सुटी सुटी वाचायचा, शब्द लागायचा नाही. ही ओळ पहिल्यांदा लावायला त्याला बराच वेळ लागला, दुसऱ्यांदा कमी, चौथ्यांदा दिसली तेव्हा तो वाचला नाही, ओरडला. वर्गभर फिरून ओरडला. त्या गोष्टीत चिमणी दयाळू आहे का नाही याचा त्याला पत्ता नव्हता, पण आपल्याला वाचता येतं हे त्याला त्या दिवशी कळलं. ही ताकद मऊ गोष्टीत आणता आली तर आणा, माझी ना नाही.

घाटावरचा:
गुरुजी, बरोबर बोललात. आमच्या लहानपणी "कमल नमन कर" असली वाक्यं होती, जोडाक्षर नाही, काना नाही, पण त्यात गोष्टही नाही. कोणी कोणाला नमन करतंय आणि का, कोणाला माहीत! साधेपणाच्या नावाखाली परत तिथेच जायचं का, एवढीच माझी काळजी आहे.

परदेशी_अंगण:
मी तिसरीच बाजू सांगते. आम्ही जर्मनीत, रविवारी आठ-दहा मुलांचा मराठी वर्ग घेतो. माझी मुलं नऊ-दहा वर्षांची, जर्मनमध्ये जाडजूड पुस्तकं वाचतात, मराठी वाचन मात्र तुमच्या पहिलीतल्या लेकीएवढंच. त्यांना ससुल्याचं गाजर हरवलं असलं काही दिलं की तोंडं वाकडी होतात, हे लहान बाळांचं आहे म्हणतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. मऊ गोष्ट म्हणजे बाळबोध गोष्ट असं झालंय का आपल्याकडे? नऊ वर्षांच्या मुलीला पण मैत्रिणीने बाजूला बसू दिलं नाही याचं दुःख असतं, आणि ते मोठं असतं. भाषा पहिलीची आणि दुखणं चौथीचं अशा गोष्टी मला हव्यात, शोधून शोधून थकले.

वाडीवरचे_गुरुजी:
ताई, स्टोरीवीव्हर बघितलंत का? प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेलं मुलांच्या पुस्तकांचं संकेतस्थळ, खुल्या परवान्यावर आहे, पुस्तकं उतरवून घ्या, छापा, भाषांतर करा, पैसे नाहीत. चार पातळ्या केल्यात वाचनाच्या, मराठीतही भरपूर आहेत. आम्ही प्रिंटआउट काढून दोरीवर लावतो वर्गात, मुलं येता-जाता ओढून घेतात. पण एक अडचण सांगतो. त्यातली बरीच भाषांतरं असतात, आणि मूळ इंग्रजीत पहिल्या पातळीचं असलेलं वाक्य मराठीत आलं की कधी कधी "त्याच्या मित्राच्या छत्रीखाली" असं होतं. तीन शब्द, तिन्हीत जोडाक्षरं, पहिल्या दोघांत तर दोन दोन. पातळी पहिलीच लिहिलेली राहते आणि मूल मात्र अडतं. हे मराठीतच सुचलेलं हवं, मराठीत बसूनच.

आणि वेगाबद्दल, निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीअखेर मिनिटाला किमान साठ शब्द, अर्थ कळून, अशी अपेक्षा आहे. पाटीपेन्सिल ताईंची लेक आत्ता मिनिटाला आठ-दहा वाचत असेल. त्यांचं तव्याचं निरीक्षण मला म्हणूनच फार खरं वाटलं, मीही वर्गात बघितलंय, सावकाश वाचणारं मूल वाईट जागी जास्त वेळ अडकतं. पण मग चांगल्या जागीही तेवढाच वेळ थांबतं की. ती चांगली जागा त्या गोष्टीत पाहिजे मात्र.

पाटीपेन्सिल:
हे मला सुचलं नव्हतं. चांगल्या जागी थांबणं. घाटावरचे दादा, तुमचं "काहीच होत नाही" हे मला आता थोडं कळतंय, काहीतरी झालं पाहिजे हे खरं, पण ते जाळं आणि पारधीच असायला हवं असं नाही ना? माझ्या लेकीच्या आयुष्यात पारधी नाही, पण काल डब्यातला लाडू कोणी कोणाला दिला नाही हे आहे, आणि त्यावरून ती रात्री झोपताना रडते.

घाटावरचा:
लाडू चालेल. पण मग तो लाडू मिळू नये तिला, निदान शेवटच्या पानापर्यंत तरी. हल्लीच्या पुस्तकांत दुसऱ्या पानावर सॉरी म्हणतात आणि तिसऱ्यावर मिठी मारतात, ते मला खोटं वाटतं. मुलांनाही वाटतं, ती फक्त सांगत नाहीत. तुम्ही कोणीतरी लिहून दाखवा अशी गोष्ट, मी मग बोलतो.

वाडीवरचे_गुरुजी:
घ्या, शाळा सुटल्यावर लिहिली. मुलं एसटीने येणारी आहेत काही, त्यांच्याकडे बघून सुचली.

बस आली. मनू चढली. खिडकीची जागा मिळाली. बाजूला तिने रुमाल ठेवला. एक मुलगा आला. "मी बसू?" "नको. ही जागा गोपीची." पुढचा थांबा आला. गोपी आला नाही. मनू रुमाल बघत बसली. दुसऱ्या दिवशी बस आली. मनूने रुमाल ठेवला. गोपी आला. "काल कुठे होतास?" "ताप होता." मनूने रुमाल उचलला. गोपी बसला.

परदेशी_अंगण:
गुरुजी, "मनू रुमाल बघत बसली" या ओळीला माझ्या पोटात हललं. हे मी नऊ वर्षांच्या मुलांना बिनधास्त देऊ शकते. फक्त रुमाल टाकून जागा धरणं म्हणजे काय हे इथे समजावून सांगावं लागेल, पण ते सांगण्यातच रविवारचा अर्धा तास छान जाईल.

घाटावरचा:
चांगली आहे. मनापासून सांगतो, चांगली आहे. तिने त्या मुलाला "नको" म्हटलं ते आवडलं, तिथे थोडा टोचतो रुमाल.

जेसीबीचा_बाबा:
बस आहे म्हटल्यावर आमच्याकडे वाचली गेली. दोनदा. ड्रायव्हरचं नाव काय असा प्रश्न आलाय.

पाटीपेन्सिल:
आत्ता रात्री लेकीला मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिली. सगळी वाचली, एकटीने, मी फक्त शेजारी बसले होते. एकाच ठिकाणी अडली, "दुसऱ्या". गुरुजी, तुमच्या गोष्टीत तेवढं एक निसटलंय, ऱ्या! "गोपी आला नाही" ला थांबून माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही, पुढे गेली. शेवटी "गोपी बसला" वाचून कागद परत वरून धरला आणि त्या मुलाच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "याला कुठे जागा मिळाली?" मला सांगता आलं नाही. उद्या गुरुजींना विचारते म्हणाले.

वाडीवरचे_गुरुजी:
लेकीने पकडलं म्हणायचं मला, दोन्हीकडे. "दुसऱ्या दिवशी" काढतो, तिथे "सकाळ झाली." घाला, पुढे "बस आली." तसंच. आणि शेवट असा करून बघा: गोपी बसला. तो मुलगा पण आला. मनू सरकली. गोपी सरकला. तिघे बसले.

घाटावरचा:
अहो, बिघडवलीत! एवढ्या लवकर सगळ्यांना जागा देऊ नका. तो मुलगा उभा राहू दे, दांडीला धरून, मनूकडे बघत. काल नको म्हणालेल्या मुलीला आज तो दिसला पाहिजे. सरकायचं की नाही ते तिने ठरवू दे, आणि पान तिथे संपू दे.

पाटीपेन्सिल:
उद्या दोन कागद करते, एकात तिघे बसलेले, दुसऱ्यात तो उभा. लेक कुठला परत मागते ते इथे येऊन सांगते.