शब्दचर्चा: चेहरा ‘पिक्सेलेट’ केला, म्हणजे मराठीत काय केला?

प्रश्न: अनुवादात एका साध्या वाक्यावर अडकलोय. ओळख कळू नये म्हणून साक्षीदाराचा चेहरा पिक्सेलेट केला आहे, एवढंच म्हणायचंय. ‘धूसर केला’ लिहिलं, खोडलं. ‘अस्पष्ट केला’ लिहिलं, तेही खोडलं. पिक्सेलला ‘चित्रबिंदू’ म्हणतात, पण ‘चित्रबिंदूकरण’ लिहिलं तर वाचणारा साक्षीदाराला विसरून त्या शब्दाकडेच बघत बसेल. बोलताना आपण सरसकट ‘ब्लर’ म्हणतो. तेच ठेवू का?

– ‘ब्लर’ नको. ब्लरमध्ये शेजारशेजारचे रंग एकमेकांत मिसळतात, कडा विरघळतात. इथे चित्राचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाला त्यातल्या रंगांची सरासरी देतात. १६ बाय १६ चा चौकोन घेतला तर २५६ पिक्सेल जाऊन एकच रंग उरतो. कडा पुसल्या जाणं दूरच, मुळात नव्हत्या त्या कडा उगवतात. आणि खरी गंमत त्या कडांचीच आहे. लिऑन हार्मन आणि बेला ज्युलेझ या संशोधकांनी १९७३ मध्ये लिंकनचा चेहरा असा ठोकळ्यांत मांडून दाखवला. नीट निरखून बघा, नुसते करडे ठोकळे. डोळे किलकिले करा, लिंकन समोर! नजर अंधुक झाली की ठोकळ्यांच्या टोकदार कडा जातात आणि मागचा चेहरा वर येतो. म्हणजे पिक्सेलेट केलेला चेहरा ब्लर केला तर तो ओळखू येण्याचीच शक्यता वाढते. अशा दोन क्रियांना एकच शब्द कसा लावणार?

‘बिंदू’ही मला खटकतो. ‘पिक्सेल’ हा शब्द ‘पिक्स’ आणि ‘एलिमेंट’ जोडून झाला, त्यात बिंदू कुठेच नाही. चित्राचा घटक, इतकंच.

– छपाईच्या कामात आम्ही ‘फोटो फाटतो’ म्हणतो. इवलासा फोटो बॅनरभर ताणला की कडांना पायऱ्या दिसायला लागतात, तो फाटला. पण हे आपोआप होतं. मुद्दाम केलं म्हणून ‘साक्षीदाराचा चेहरा फाडला’ लिहिलंत तर भलतंच प्रकरण होईल.

– ‘मोझेक’ चालेल का? फोटोशॉपमध्ये ‘पिक्सेलेट’ या गटातल्या या फिल्टरचं नाव तेच आहे, जपानीतही यासाठी ‘मोझाइकु’च म्हणतात. आपल्याला मात्र आधी फरशी आठवते. तरी कलेच्या संदर्भात मी हाच शब्द घेईन. साल्वादोर दालीने लिंकनच्या त्याच ठोकळ्यांवरून चित्र रंगवलं: जवळून खिडकीशी पाठमोरी उभी त्याची बायको गाला, वीस मीटरवरून लिंकन. तिथे ‘झाकलं’, ‘लपवलं’ म्हणून कसं चालेल? तो तर दाखवतोय.

– जाता जाता, ‘पिक्सिलेशन’ वेगळं बरं का. त्यात जिवंत माणसांना एकेका चौकटीत थांबवून बाहुल्यांसारखं हलवतात. नॉर्मन मॅक्लॅरेनचा १९५२ चा ‘नेबर्स’ हा लघुपट त्या तंत्राचा. एका मात्रेच्या जागी वेलांटी आली की विषयच बदलतो.

प्रश्नकर्ता: ‘चेहऱ्यावर चौकडी टाकली’ कसं वाटतं? चौकडीचा शर्ट सगळ्यांना माहीत आहे, डोळ्यांसमोर लगेच येतं.

– छान आहे. ‘ठोकळे’पेक्षा बरं, कारण ‘ठोकळेबाज’ची सावली पडत नाही. फक्त तीच चौकडी आकड्यांवर असेल तर पुढे ‘झाकले’ लिहू नका. चेहरे असंख्य, अंक दहाच. टंक (फॉन्ट) ओळखता आला की प्रत्येक अंकावर तशीच चौकडी टाकून कोणता जुळतो ते ताडून बघायचं. ठोकळे बारीक असतील तर अख्खा नंबर निघतो. आकड्यांवर काळी पट्टीच हवी, तीही पारदर्शक नसलेली.

प्रश्नकर्ता: साक्षीदाराचं वाक्य लागलं. पण पुढच्याच परिच्छेदात त्याच्या खात्याचा नंबर आहे, आणि शेजारी छापलेल्या चित्रात तो पिक्सेलेटच केलाय. आता शब्द राहू दे, आधी मूळ लेखकाला कळवतो.